दारावरची पाटी: उपकेंद्रावर रुजू होणाऱ्या सिस्टरला

तुझा प्रश्न थोडक्यात असा. एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सचं प्रशिक्षण, पूर्ण झालं, आदिवासी तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रावर नेमणूक मिळाली, मुलगी १४ महिन्यांची आहे, नवरा नाशिकला कंपनीत पाळ्यांमध्ये कामाला. सासूबाई म्हणतात, "गावाची पोरं सांभाळशील आणि आपलं पोर परक्याच्या ओटीत टाकशील." मुख्यालयी, म्हणजे उपकेंद्राच्या गावातच, राहावं लागणार. घर आणि ही सेवा दोन्ही होतं का, खरं सांगा, असं तू विचारलंस.

माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. १९८८ साली मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी रुजू झाले तेव्हा २२ वर्षांची होते. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला २०१४ च्या ऑगस्टमध्ये. ११ वर्षं त्याच उपकेंद्रावर काढली, पुढे आरोग्य सहायिका, म्हणजे सिस्टरांवरची पर्यवेक्षिका, झाले आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. माझी दोन्ही मुलं याच नोकरीत जन्मली, याच नोकरीत मोठी झाली. तेव्हा होतं, दोन्ही होतं. पण पहिली काही वर्षं मी जसं केलं तसं तू करू नकोस, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र असतं, सपाटीवर ५,००० ला. कागदावर ३,००० म्हणजे काहीच नाही असं वाटतं. माझ्याकडे ते नऊ पाड्यांत विखुरलेले होते आणि दोन पाड्यांच्या वाटेत ओढा होता. गरोदर मातांची नोंदणी, बाळंतपणं, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षयाच्या गोळ्या, तापाची रक्ततपासणी, सर्वेक्षण, सगळं तुला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे. शिकवलेलं नसतं ते एकच, की तू दारात उभी राहिलीस तर बाई आतून बाहेर येते का. ती आली तर बाकी सगळं जमतं. ती यायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या घरातूनच जातो. तुझ्या सासूबाईंना हेच दिसतंय. त्या चुकीचं बोलत नाहीत.

मग दार कसं उघडतं? ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी गेल्याने. माझ्या लांबच्या पाड्यावर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी लसीकरण असायचं. पहिल्याच पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं म्हणून मी गेले नाही, निरोपही धाडला नाही. ऐन आवणीचे, भातलावणीचे दिवस. ११ बाया अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, पोरं काखेत घेऊन आंब्याखाली बसून राहिल्या. पुढच्या महिन्यात त्यातल्या तिघी आल्या. बाकीच्या शेतातून नुसत्या बघत होत्या. त्या ११ जणी पुन्हा आंब्याखाली यायला दिवाळी उजाडली. ओढा अडवतो हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. निरोप आला नाही, हे त्यांना लागलं होतं.

आणि नेमकी हीच चूक मी घरीही करत होते.

माझा मुलगा १९९१ चा. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पती-पत्नी एकत्रीकरणात बदली घेऊन आलेले, म्हणून आम्ही एका छपराखाली तरी होतो. मुलगा दोन वर्षांचा असताना एका संध्याकाळी मला एका पाड्यावरून बोलावणं आलं. पहिलटकरीण होती, कळा सुरू झालेल्या. मी पिशवी उचलली आणि गेले. यजमान प्रशिक्षणाला तालुक्याला. मुलगा शेजारच्या अंगणवाडीताईंकडे झोपवलेला. रात्री त्याला ताप चढला आणि तापात झटका आला. ताईंनी त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, कपडे सैल केले, कोमट पाण्याने अंग पुसलं. जे मीच त्यांना शिकवलं होतं ते त्यांनी माझ्या मुलासाठी केलं. पण मला शोधायला माणूस पाठवायचा तर नऊ पाड्यांपैकी कुठल्या? मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बिचारा दोन पाडे पालथे घालून परत गेला. मी पहाटे आले तर मुलगा ताईंच्या मांडीवर झोपलेला, तिच्या पदराची गाठ मुठीत घट्ट धरून. मी त्याला घ्यायला गेले तर झोपेत त्याने ती गाठ सोडली नाही.

त्या दिवशी मी राजीनामा लिहिला होता. यजमानांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि शाळेतून एक पाटी घेऊन आले. लाकडी चौकटीची, मोठी. म्हणाले, "जाताना यावर लिहून जा. कुठे, आणि केव्हा येशील." उपकेंद्राच्या दारावर ती पाटी लागली. पण आमच्या बहुतेक बायांना वाचता येत नव्हतं. मग शेजारच्या एका वारली आजीने तांदळाच्या पिठाने दाराशेजारच्या भिंतीवर नऊ चित्रं काढली. एकेका पाड्याची एकेक खूण: आंबा, विहीर, ताड, दोन दगडांचा वाघोबा. प्रत्येक चित्राखाली यजमानांनी एक खिळा ठोकला. ज्या पाड्याला जाईन त्याच्या खिळ्याला लाल रिबन अडकवायची. मुलगा चार वर्षांचा झाल्यावर रिबन अडकवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. सकाळी दात घासतानाच विचारायचा, "आज कुठे, ताड की विहीर?" बाया यायच्या, खिळा बघायच्या आणि परत जायच्या, किंवा त्या पाड्याकडे निघायच्या. कुणी रिकामं बसून राहिलं नाही.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे. तुझ्या लेकीला आणि गावाला तुझ्याकडून हवं आहे ते एकच. तू कुठे आहेस आणि परत केव्हा येणार, हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे. दिवसभर आईजवळ असलेली मुलंही रडतात. पण "दिवेलागणीला येते" म्हणून गेलेली आई खरंच दिवेलागणीला येते, हे कळलं की १४ महिन्यांचं मूलही शांत राहायला शिकतं. आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी निरोप. आता तर फोन आहे. रेंज जाते तिथे पाटी आहे.

सासूबाईंबद्दल. माझ्या सासूबाई निफाडच्या, सोवळ्याओवळ्याच्या. नातवाच्या झटक्यानंतर त्या आमच्याकडेच राहायला आल्या. पहिले सहा महिने मी बाळंतपण करून आले की अंघोळ केल्याशिवाय मला चुलीजवळ येऊ देत नसत. मला राग यायचा. खरं तर माझ्या कामालाही ते बरंच होतं, हे नंतर पटलं. एका रात्री उपकेंद्रात एक पोरगी एकटीच आली होती, नवरा वीटभट्टीवर, सासू नाही. मी आत तयारी करत होते आणि ही बाहेर कण्हत होती. बघते तो सासूबाई तिच्या पाठीमागे बसून कंबर चोळताहेत आणि म्हणताहेत, "लांब श्वास घे ग बाय, मलाही पाच झालीत." त्या रात्रीपासून त्या माझ्या अर्ध्या सिस्टर झाल्या. बाळंत झालेल्या बाईला गरम चहा, बाळाला पुसायला आणि गुंडाळायला धुऊन वाळवलेली सुती धडुती, बाळ आईच्या छातीशी लावणं, मध किंवा गुळाचं पाणी चाटवू न देता पहिल्या तासात अंगावर पाजायला लावणं, हे त्यांचं खातं. तुझ्या सासूबाई येतील का, मला माहीत नाही. पण "माझं मूल सांभाळायला या" असं म्हणण्याआधी त्यांना एकदा तुझं काम बघायला ने. एखादं बाळंतपण, एखादा लसीकरणाचा दिवस. न पाहिलेल्या कामाचा माणसाला दुस्वास वाटतो.

आता जी गोष्ट सांगणं जड जातं ती सांगते, कारण तुझ्या उपयोगाची आहे.

१९९६ साली माझ्याकडे एक आठव्या महिन्याची गरोदर बाई होती. पायावर सूज, अंगठी बोटात रुतलेली, डोकं दुखतं म्हणत होती. रक्तदाब १५० वर १००. त्या दिवशी मुलीचा पहिला वाढदिवस होता, मला तीनच्या एसटीने परतायचं होतं. मी तिला मीठ कमी कर, डाव्या कुशीवर झोप, मंगळवारी पुन्हा बघते, असं सांगितलं. रविवारी पहाटे तिला घरीच झटके आले. घोंगडीची झोळी करून, बांबूला बांधून, चार माणसांनी तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. बाई वाचली. बाळ गेलं. मुलीचा प्रत्येक वाढदिवस माझ्या मनात त्या बाळाचा हिशेब घेऊन येतो, आजही येतो. घरासाठी घाई केली म्हणून हे झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला बोल लावत राहिले. आता थोडं वेगळं दिसतं. तीनची एसटी पकडूनही तिला त्याच एसटीत माझ्याबरोबर आणता आलं असतं. मला नियम पाठ होता, पण तो मी "बघू" वर टाकला. तू टाकू नकोस. रक्तदाब १४० वर ९० किंवा जास्त आणि सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं किंवा तोंडा-हातावर सूज असेल, तर त्याच दिवशी, त्याच गाडीने पुढे पाठवायचं. झटके आलेच तर आता मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवणाऱ्या इंजेक्शनचा, पहिला डोस देऊन पाठवता येतं, तेव्हा माझ्या हातात ते नव्हतं. ट्रेमध्ये ते आहे का आणि तारीख उलटली नाही ना, हे दर सोमवारी बघ.

तसंच रक्तस्रावाचं. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही याची खात्री केली, की एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनची, म्हणजे गर्भाशय आकसवणाऱ्या औषधाची, १० युनिट. वार (प्लासेंटा) पडली की ती ताटात टाकून मोकळी होऊ नकोस. दोन्ही तळव्यांवर पसरून घे, उजेडाखाली धर, भाकरीचे तुकडे जुळवावे तसे तिचे भाग जुळतात का बघ. एखादी जागा खड्ड्यासारखी दिसली तर तुकडा आत राहिला आहे असं समज. मग पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी पोटावर हात. गर्भाशय नारळासारखं टणक लागलं पाहिजे. या दोन तासांत रजिस्टर लिहायला बसायचं नाही, घरी मूल रडत असलं तरी जायचं नाही. हे दोन तास कुणालाही न देण्याचे आहेत. घरच्यांना तेवढं एकदा नीट समजावून सांग, ते समजतात.

१९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली. सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं आणि पुढे १९९५ मध्ये आदिवासी भागातले माता-बालमृत्यू रोखण्यासाठी नवसंजीवनी योजना आली. मी तेव्हा रोज पाड्यापाड्यांवर वजनकाटा घेऊन फिरत होते. माझा मुलगा वर्षाचा, साडेनऊ किलोचा. त्याच वयाची पोरं काट्याच्या झोळीत बसवली की काटा सहावर थांबायचा. घरी येऊन मुलाला दूधभात भरवताना घास माझ्याच हातात थांबायचा. यावर उपाय मला सापडला नाही आणि तो सापडू नये असंही वाटतं. पण एक शिकले. असं मनात साठलेलं घेऊन थेट मुलाजवळ जायचं नाही. आधी अंघोळ, मग दहा मिनिटं अंगणवाडीताईंच्या ओट्यावर बसून तिच्याशी बोलणं. तिच्याकडेही तेच साठलेलं असायचं. तुलाही अशी एक बाई लागेल. शोधून ठेव.

आता तुझ्याजवळ जे बळ आहे ते आमच्याजवळ नव्हतं. २००५ नंतर आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, आल्या. त्याआधी माझा भरवसा सुइणींवर होता आणि त्यांना स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेला काही न लावणं, एवढं शिकवण्यात माझी वर्षं गेली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मॅबेल आरोळे यांनी सत्तरच्या दशकातच अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून १९९९ साली जगासमोर आलं की गावातली शिकवलेली बाई घरात जाऊन नवजात बाळ वाचवू शकते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला जाते, घरी जन्मलेलं असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्यावर खेकसू नकोस. पुष्कळ नव्या सिस्टर आशाताईला हाताखालची समजतात आणि मग सगळं ओझं एकट्या वाहतात. ती त्या गावची लेक किंवा सून असते. तुला पाच वर्षांनी जे कळेल ते तिला आजच ठाऊक असतं: कोण दिवस लपवतंय, कुणाच्या घरी दारू आहे, लोहाच्या गोळ्या कुठल्या छपरात खोचल्या आहेत. गोळ्यांनी बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं, ही समजूत तू कितीही सांगून जाणार नाही. आशाताईने स्वतःच्या गरोदरपणी खाल्लेल्या गोळ्यांची गोष्ट सांगितली की जाते. तू फक्त एवढं बघ की गोळी चहासोबत घेतली जात नाही आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी दिली जाते.

भगताशी, म्हणजे मंत्राने उपचार करणाऱ्याशी, भांडू नकोस. माझ्याकडच्या भगताला मी एवढंच म्हटलं होतं, "बाबा, तुमचा मंत्र गाडीत म्हणा, मी इंजेक्शनाची सोय गाडी पोचेल त्या दवाखान्यात करते." साप चावलेली तीन माणसं त्याने स्वतः गाडीत घालून आणली.

दिवाळी झाली की तुझे निम्मे पाडे रिकामे होतील. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर लोक जातात, होळीला येतात. काही पावसाच्या तोंडावर. जाण्याच्या आठवडाभर आधी ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी, घेऊन बस. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस कुणाचे कधी पडतात ते बघून कार्डावर पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिही, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दे आणि सांग की हे दाखवलं की कुठल्याही सरकारी दवाखान्यात लस मिळते. गरोदर बाई जात असेल तर तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर काढून दे. मी हे वहीत लिहायची. तू फोनमध्ये ठेव, पण वहीतही लिही, फोन ओढ्यात पडतो.

लसीची पेटी भरताना घाई करू नकोस. फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक तसाच ठेवला तर पेंटासारखी (पाच रोगांवरची) लस गोठून निकामी होते. थोडा वेळ बाहेर ठेवायचा, मग कानाशी धरून हलवायचा, आतून पाणी खळखळलं की मगच पेटीत. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी माझ्याबरोबर पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, यायची. एकेक आईसपॅक दोन्ही हातांनी कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायची. "आई, हा बोलतोय. हा अजून नाही बोलत." तिची बोटं लाल व्हायची. आज ती स्वतः नर्स आहे, मोठ्या शहरात अतिदक्षता विभागात. मी तिला कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मुलगा या वाटेला गेला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

१६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली. पुढे पाड्यांवर गेलो तेव्हा गाडी दिसली की माणसं रानात पळायची. माझ्या जुन्या पाड्यावर एक तिशीतली बाई पुढे आली, दंड उघडा केला आणि इतरांना म्हणाली, "हिनेच मला पयल्यांदा हातात घेतली." १९९० च्या पावसाळ्यातलं बाळंतपण ते. मग बाकीच्या आल्या. सासूबाईंना हे सांगायला मी घरी आले तर त्या नव्हत्या, जाऊन सहा वर्षं झाली होती. सवयीने मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते.

काही रोखठोक. नियमित पद असेल तर प्रसूती रजा १८० दिवसांची आहे, आणि मूल १८ वर्षांचं होईपर्यंत वापरायला बालसंगोपन रजा आहे, तीही एकूण १८० दिवस. मुलीच्या आजारपणासाठी, दहावीसाठी ती साठवून घे, मागताना ओशाळू नकोस. रात्रीच्या बोलावण्याला एकटी जाऊ नकोस, आशाताई किंवा त्या घरातली बाई सोबत हवीच. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ आधी लाव, मग निघ. ऑनलाइन नोंदी त्याच दिवशी कर, नाहीतर महिनाअखेरचे तीन दिवस मुलीचे जातात. स्वतःचं हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपास. माझं ८ होतं, आणि मी गावाला गोळ्या वाटत होते.

नवऱ्याशी आत्ताच बोलून घे. तीन पाळ्यांचं कॅलेंडर त्याला महिन्याआधी मिळत असेल. तुझं लसीकरणाचं सत्र-नियोजनही महिन्याआधी ठरतं. दोन्ही शेजारी शेजारी भिंतीवर लावा. कुठल्या रविवारी तो येणार आणि कुठल्या रविवारी तू जाणार हे त्यावरच मांडा. तो आला की मूल त्याच्याकडे, संपूर्ण. तुला बोलावणं आलं तर निघताना सूचनांची यादी देत बसू नकोस. बापाला जमतं.

रुजू होताना सामानात टॉर्च, रबरी बूट, पिशवीत एक जादा साडी किंवा ड्रेस, मुलीचं लसीचं कार्ड, आणि एक पाटी ने. पाटी दाराच्या आतल्या बाजूला लाव, बाहेर लावलीस तर जुलैच्या पावसात खडू उमटत नाही. खिळे मात्र बाहेरच ठोक, मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.